पेठांची पारख

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. घर उभारणे किती कष्टाचे व खर्चाचे काम असते, हे ती सांगते. परंतु घर बांधण्यापूर्वी, किंवा भाड्याने घेण्यापूर्वीही, आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. ती गोष्ट म्हणजे, घर कोणत्या वस्तीत असावे? नव्या शहरात बिऱ्हाड करावयाचे ठरले की वडीलधारी माणसे चौकशी सुरू करतात. "ती पेठ चांगली आहे ना? रात्री-अपरात्री तिकडून येण्यात भय नाही ना? शेजारपाजार कसा आहे?" हे तीन प्रश्न एका दमात विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही एका दमात दिली जातात.

वास्तविक हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिला वस्तीच्या लौकिकाचा, दुसरा तिच्या सुरक्षिततेचा आणि तिसरा तिच्या स्वभावाचा. या तिहींची गल्लत झाली म्हणजे वस्तीवर अन्याय होतो; आणि जो अन्याय वस्तीवर होतो, तो अखेर तेथे राहणाऱ्या माणसांवरच होतो. पुणे शहरातील जुन्या पेठांच्या उदाहरणावरून हे नीट समजून घेऊ.

पेठ म्हणजे मूळची बाजाराची वस्ती. पुण्यातील सर्वांत जुनी वस्ती कसबा पेठ. तिच्याभोवती हळूहळू इतर पेठा वसत गेल्या. काही पेठांना आठवड्याच्या वारांची नावे मिळाली, तर काहींना माणसांची. पानिपतच्या १७६१ च्या रणसंग्रामात पडलेल्या सदाशिवरावभाऊंची आठवण सदाशिव पेठ देते. नारायण पेठ नारायणराव पेशव्यांची आणि नाना पेठ नाना फडणविसांची आठवण देते. रास्ता पेठ व घोरपडे पेठ या नावांत रास्ते आणि घोरपडे या सरदार घराण्यांची नावे राहिली आहेत. आज बाहेरच्या माणसाला या साऱ्या पेठा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. एक पेठ कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हे त्याला कळत नाही. तरीही प्रत्येक पेठेचा स्वभाव निराळा आहे.

हा स्वभाव कशाने घडतो? मुख्यतः तेथे चालणाऱ्या कामाने. कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यांवर पडणाऱ्या हातोड्यांचा ठोक हा त्या आळीचा आवाज होय. त्याच पेठेत बुरुडांची आळी आहे. तेथे बांबूच्या टोपल्या, सुपे आणि पडदे विणले जातात. रविवार पेठ व्यापाराची. तेथे सकाळपासून मालाची चढउतार चालते आणि गिऱ्हाइकांची वर्दळ असते. सदाशिव पेठेचे नाव विद्येशी जोडले गेले आहे. १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच पेठेत असून तेथे जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. कोठे हातोड्याचा आवाज, कोठे तराजूचा, तर कोठे पानांची सळसळ. यांत उच्च कोणते आणि नीच कोणते, असा प्रश्नच उद्भवत नाही. तांबटाने घडविलेल्या हंड्यातील पाणी विद्वानही पितो आणि विद्वानाने लिहिलेले पुस्तक तांबटाचा मुलगाही वाचतो.

लौकिकाचे मात्र असे नसते. लौकिक हा डोळ्यांनी पाहिलेला नसतो, तो कानांनी ऐकलेला असतो. पुष्कळदा तो फार जुना असतो आणि तो कोणी व कशासाठी निर्माण केला, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुण्यात एके काळी पश्चिमेकडील पेठा प्रतिष्ठेच्या समजल्या जात. पूर्वेकडील पेठांत माळी, कारागीर, हमाल आणि मजूर अशा कष्टकऱ्यांची वस्ती मोठी होती. म्हणून त्या कमी प्रतीच्या मानल्या जात. या समजुतीच्या मुळाशी वस्तीचे गुणदोष नव्हते, जातिभेद होता. माणसाला जन्मावरून कमी लेखण्याची जी खोड समाजाला लागली होती, तीच वस्तीलाही लागली.

पाण्याचेच उदाहरण घ्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडण्यात आले. त्या काळी ही केवढी मोठी सोय होती! परंतु ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरविले होते, त्यांना इतरांच्या हौदावर पाणी भरता येत नसे. अशा वेळी १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. हा हौद कोठे होता? ज्या पूर्व भागाला लोक कमी लेखीत, त्यातील गंज पेठेत. थोर विचाराला जागा देण्याचे मोठेपण या पेठेकडे होते. आज त्या पेठेला महात्मा फुले यांचेच नाव दिलेले आहे.

बुधवार पेठेचीही गोष्ट अशीच आहे. या पेठेतील काही गल्ल्यांचे नाव निघाले की लोक नाक मुरडतात आणि त्या गल्ल्यांवरून साऱ्या पेठेची किंमत ठरवितात. पण याच पेठेतील भिडे यांच्या वाड्यात १८४८ साली फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा सुरू केली. तो जुना वाडा २०२३ साली पाडण्यात आला. परंतु तेथे सुरू झालेले काम पुसले गेले नाही. पुण्यातील विद्यार्थी वर्षानुवर्षे ज्या अप्पा बळवंत चौकात पुस्तके घेण्यासाठी गर्दी करतात, तोही बुधवार पेठेतच. नाक मुरडणाऱ्याच्या मुलांची पाठ्यपुस्तकेदेखील बहुधा तेथूनच आलेली असतात!

आता सुरक्षिततेचा विचार करू. सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पहारेकरी येतो. पेशवाईत पुण्याच्या बंदोबस्तासाठी कोतवाल नेमलेला असे. रात्री ठरलेल्या वेळी तोफ होई. तोफेनंतर रस्त्यावर फिरणाऱ्याला कोतवालाची माणसे पकडीत. यामुळे चोरांना धाक बसला खरा. पण पहाऱ्यावर नजर ठेवणारे कोणी नसेल तर काय होते, तेही पुण्याने पाहिले. १७९१ साली घाशीराम कोतवालाच्या कैदेत कोंडलेले अनेक निरपराध प्रवासी गुदमरून मेले. लोकांचा संताप अनावर झाला आणि त्यांनी कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. ज्याच्या भरवशावर शहराने झोपावयाचे, त्याच्याच हातून हा अनर्थ घडला. आणि त्याला शिक्षा देताना जमावानेही न्यायाची वाट सोडली. पहारा हवाच, परंतु केवळ धाकाने वस्ती सुरक्षित होत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

शिवाय चोर हेच एक संकट नव्हे. १२ जुलै १९६१ या दिवशी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालच्या अंगाचे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही. मुठा नदीचे पाणी शहरात शिरले. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांत वाडेच्या वाडे कोसळले. पाण्याने कोणाच्याही दारावरची पाटी वाचली नाही. कोणती पेठ विद्वानांची आणि कोणती कारागिरांची, हे त्याने पाहिले नाही. त्याने एवढेच पाहिले की जमीन सखल कोठे आहे आणि उंच कोठे आहे. नदीकाठच्या नामांकित पेठा बुडाल्या आणि नदीपासून दूर, उंचावर वसलेले साधे भाग वाचले. ज्यांची घरे गेली, त्यांच्यासाठी पुढे गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नव्या वसाहती उभ्या राहिल्या.

हाच अनुभव अलीकडेही आला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मोठ्या पावसाने आंबिल ओढ्याला अचानक पूर आला. एरवी ज्याच्याकडे कोणी लक्षही देत नाही, अशा त्या ओढ्याने काठच्या सोसायट्यांत आणि गरिबांच्या वस्त्यांत सारखाच हाहाकार उडविला. माणसेही दगावली. लौकिकाची भिंत पाण्याला अडवू शकली नाही.

तेव्हा वस्ती सुरक्षित आहे की नाही हे ठरविताना लोक काय म्हणतात एवढे ऐकून भागत नाही. काही गोष्टी स्वतः पाहाव्या लागतात. नदी किंवा ओढा किती जवळ आहे? पावसाचे पाणी कोठे तुंबते? आग लागलीच तर बंबाची गाडी बोळात शिरू शकेल काय? जुन्या वाड्याची तुळई कुजलेली नाही ना? रस्त्यावर दिवे आहेत काय? दिवेलागणीनंतर दुकाने उघडी असतात काय? आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, शेजारी एकमेकांना ओळखतात काय? ज्या आळीत ओट्यावर बसलेल्या आजींना प्रत्येक मुलाचे नाव ठाऊक असते, तेथे वाट चुकलेले मूल फार वेळ रडत राहत नाही. उलट, उंच भिंतींच्या आड राहणाऱ्या आणि शेजाऱ्याचे नावही न जाणणाऱ्या माणसांची वस्ती कितीही श्रीमंत असली, तरी संकटाच्या वेळी ती एकाकी पडते.

याचा अर्थ सर्व वस्त्या सारख्याच असतात, असा नव्हे. काही ठिकाणी अंधार असतो, घाण असते, भांडणतंटे असतात आणि तेथे सावधगिरीने वागणे हे शहाणपणाचेच असते. ज्या रस्त्याने रात्री एकट्याने जाऊ नये असे घरची माणसे सांगतात, त्या रस्त्याने जाऊ नये. परंतु रस्त्याविषयी सावध असणे वेगळे आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला तुच्छ लेखणे वेगळे. दिवा नसला तर दिव्याची मागणी करावी; तेथील मुलाची संगत टाळणे हा त्यावर उपाय नव्हे. अंधाराचा त्रास आपल्याला एखादे वेळी होतो, त्या मुलाला तो रोज होतो.

मुलांनो, तुमच्या वर्गाच्या हजेरीपटात प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याचा पत्ता असतो. तो पत्ता मुलगा कोठे राहतो एवढेच सांगतो. मुलगा कसा आहे, हे सांगत नाही. एखादा मुलगा आपल्या वस्तीचे नाव सांगताना अडखळत असेल, तर ती लाज त्याची नाही. ते नाव ऐकून हसणाऱ्यांची आहे. एखाद्या वस्तीविषयी मत बनवावयाचेच असेल, तर वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन तेथे दिवसा जा, दिवेलागणीला जा आणि एकदा भर पावसातही जा. तेथील कामकरी माणसांशी बोला. दिवसा तुम्हांला तिचा स्वभाव कळेल, संध्याकाळी तिची जाग कळेल आणि पावसात तिची जमीन कळेल. एवढे पाहिल्यावर तिच्या लौकिकात खरे किती आणि ऐकीव किती, हे कोणी सांगण्याची गरज उरणार नाही.

स्वाध्याय

१. वस्तीची चौकशी करताना कोणत्या तीन गोष्टींची गल्लत होते?
२. 'लौकिक हा कानांनी ऐकलेला असतो', असे लेखकाने का म्हटले आहे?
३. १९६१ च्या पुरावरून सुरक्षितता व लौकिक यांच्याविषयी काय समजते?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : नाक मुरडणे, कमी लेखणे, हाहाकार उडणे.
५. तुमच्या गावातील दोन आळ्या किंवा वस्त्या निवडा. तेथील काम, पाण्याचा निचरा, रस्त्यावरील दिवे आणि शेजार यांची स्वतः पाहणी करून दहा ओळींत तुलना लिहा. ऐकलेली माहिती व पाहिलेली माहिती वेगवेगळी दाखवा.