वृद्धांची दृष्टी आणि शरीराचे बळ

उतारवयात माणूस घराबाहेर पडेनासा झाला की 'आता वय झाले' असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा हे खचणे पायांपासून नव्हे, डोळ्यांपासून सुरू झालेले असते.

तोल सांभाळण्यासाठी मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो : डोळे, कानाचा आतील भाग आणि तळपाय व सांधे यांतील संवेदना. विद्यार्थी मित्रांनी भिंतीजवळ एका पायावर उभे राहून डोळे मिटून पाहावेत. धडधाकट तरुणही डगमगू लागतो. मग मधुमेहाने ज्यांचे तळपाय बधिर झाले आणि डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, त्या आजीबाईंनी कशाच्या आधारे उभे राहावे?

नजर मंदावली की पाऊल आखूड पडते. एकदा ठेच लागली की भीती बसते. मारुंजीत ज्यांनी उभा जन्म शेताच्या बांधावरून ये-जा केली, त्यांच्या दारासमोरून आता हिंजवडीच्या आयटी पार्ककडे जाणाऱ्या गाड्या आणि बांधकामाचे डंपर धावतात. अंधुक दिसणारा माणूस अशा रस्त्यावर न जाणेच पसंत करतो. घरची माणसेही प्रेमापोटी त्याच्या हातची कामे काढून घेतात. हे प्रेम महागात पडते, कारण न वापरलेला स्नायू झिजतो. मांड्या अशक्त झाल्या की पडण्याचा धोका वाढतो आणि माणूस आणखीच बसून राहतो.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षे व त्यावरील सुमारे ७२ हजार व्यक्तींची पाहणी केली. तीत दृष्टीबरोबरच मुठीची पकड, चालण्याचा वेग आणि तोलही मोजला गेला. मुठीची पकड हे सबंध अंगाच्या ताकदीचे सोपे माप मानतात. अधू नजर आणि ढिली पकड बरोबरीने आढळली, तरी एकीमुळेच दुसरी आली असे म्हणता येत नाही. मधुमेह आणि निकस आहार दोहोंनाही पोखरतात.

मात्र नजर सुधारली तर पडणे कमी होते, याला चांगला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे सत्तरीपुढील ३०६ स्त्रियांपैकी काहींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लवकर केली, इतरांना नेहमीच्या प्रतीक्षायादीवर ठेवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पहिल्या गटात पडण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते. आपल्याकडे २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील अंधत्वाचे ६६ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघाले. म्हणजे बरा होऊ शकणारा आजार आपण 'वय' समजून घरात बसवून ठेवतो.

घरच्या घरी एकेक डोळा झाकून सहा मीटरवरून बोटे मोजता येतात का, ते पाहावे. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याचे दुखणे लपवतो. बोटे मोजता आली तरी डोळे चांगले असे समजू नये. न आली तर मात्र एक दिवसही न दवडता औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.

शस्त्रक्रियेने नजर येते, गेलेली ताकद आपोआप येत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे सुरू करावे; प्रथम पाच वेळा, पुढे दहा वेळा. शेजारी कोणीतरी उभे असावे.

नव्या चष्म्याचेही जपून. सिडनीत ७० वर्षांपुढील ६१६ जणांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात डोळे तपासून नवे चष्मे दिल्यावर पडणे उलट वाढले होते. नंबर फार बदलला असेल तर पहिले काही आठवडे सवय होईपर्यंत सावकाश चालावे. दुहेरी काचेच्या चष्म्यात खालच्या भागातून पायरी धूसर दिसते, म्हणून जिना उतरताना मान खाली घालून वरच्या काचेतून पाहावे आणि एक हात कठड्यावर ठेवावा.