ड्राइव्ह डाउनलोड घेत नाही, तेव्हा कुणाला बोलावतात?

‘इलेक्ट्रिकलला घातलं तर आयुष्यभर पाने-पक्कड, कॉम्प्युटरला घातलं तर एसी ऑफिस’ ही पालकांच्या मनातली वाटणी आता जुनी झाली. साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल असो की पाणीपुरवठ्याचा पंप, मोटरचा वेग अनेक ठिकाणी ड्राइव्ह ठरवतो. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्याचा आधी डीसी करायचा आणि त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी घडवायचा, हे त्याचं काम. ते कसं करायचं, हे आतलं सॉफ्टवेअर सांगतं. ते भरताना अडकलं की लाइन बंद. मग शोध सुरू होतो लॅपटॉपलाही न बिचकणाऱ्या आणि पॅनललाही न घाबरणाऱ्या माणसाचा.

डाउनलोड मध्येच थांबलं की नवखा मुलगा ‘कार्ड गेलं’ म्हणून मोकळा होतो. मुरलेला माणूस आधी केबल बघतो. मग यूएसबी कन्व्हर्टरचा ड्रायव्हर, कॉम पोर्ट, दोन्हीकडचा बॉड रेट. कंट्रोल कार्डाचा २४ व्होल्टचा पुरवठा कुठे पडतोय का, तेही मीटर लावून. पुढे व्हर्जन जुळतं का, हा प्रश्न. आणि कशालाही हात लावण्याआधी जुन्या पॅरामीटरचा बॅकअप!

सिमेन्सच्या सिनॅमिक्स एस१२० चं उदाहरण बोलकं आहे. त्याचं फर्मवेअर मेमरी कार्डावर असतं. मोटर मॉड्यूल बदललं की ते कार्डावरचं फर्मवेअर घेऊ लागतं आणि त्याचा दिवा हिरवा-लाल असा संथ लुकलुकतो. लुकलुक जलद झाली की भरणं संपलं. आता पुरवठा बंद करून पुन्हा चालू करायचा. मॅन्युअल न वाचलेला माणूस त्या संथ लुकलुकीलाच बिघाड समजतो, मध्येच वीज तोडतो आणि खरा बिघाड करून ठेवतो. दुसरी नेहमीची तक्रार, ‘काल भरलेलं आज गायब’. पॅरामीटर रॅममध्ये गेलेले असतात, कायमचे साठवायचे राहिलेले असतात. यात कोडिंग कुठेच नाही. वाचन आणि धीर भरपूर आहे.

धोक्याचं म्हणाल, तर तो आहेच. वीज तोडल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज काही काळ राहतं. पाटीवर लिहिलेली मिनिटं थांबून, मीटरने खात्री करूनच कव्हर उघडायचं. शिवाय बरेच कारखाने शटडाऊन सणासुदीलाच घेतात, त्यामुळे मुलगा किंवा मुलगी दिवाळीला घरी असेलच असं नाही.

दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, किंवा सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा. माझा कौल पहिल्या वाटेला, कारण हात लवकर बसतो. खासगी ऑटोमेशन क्लासची फी भरण्याआधी मात्र एवढं विचारा: खऱ्या ड्राइव्हवर मुलांना किती तास मिळतात, आणि फर्मवेअर बदलायला देता की नुसतं पडद्यावर दाखवता?