सुबाभुळीच्या फेरतोडणीस हलकी साखळी-करवत

बुंध्यापासून पुन्हां धुमारे घ्यावयाचे असल्यास सुबाभुळीचें खोड जमिनीपासून चार-पांच इंचांवर, किंचित् उतरतें कापावें लागतें. दिवसभर वांकून कापणाऱ्याच्या हातास यंत्र जड झालें, कीं काप वेडावांकडा होतो, साल सुटते, पाणी मुरतें व खुंट कुजण्याची भीति असते. खुंट गेला म्हणजे पुढील तोडणीही गेली. म्हणून करवत निवडतांना शक्तीपेक्षां वजन आधीं पाहावें, असें आमचें मत आहे.

मनगटापासून मांडीएवढ्या जाडीच्या खोडांस १२ ते १४ इंची पातें व सुमारें ३५ घन सेंटिमीटरचें इंजिन पुरेसें होतें. छापील वजन, बहुधा ४ किलोच्या आसपास, पातें, साखळी व इंधन यांवांचून असतें. सबब दुकानांत सर्व जोडून, वांकून हातीं धरून पाहावें.

पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागल्यास करवत अंगावर उसळते. याकरितां पुढील कवचास धक्का लागतांच साखळी थांबविणारा ब्रेक नसलेलें यंत्र स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. कपच्यांऐवजीं बारीक पूड पडूं लागली, कीं धार गेली असें समजून गोल कानशीनें दांते घासावे.

साग, खैर इत्यादि झाडांस मात्र महाराष्ट्रांत १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वयें परवानगी लागते. ती प्रथम घ्यावी. करवत मागाहून चालवावी.