उंबऱ्याला पाणी लागण्याआधी



या पाठात आपण पुराचा विचार करणार आहोत. कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतली पुष्कळ गावं वसली आहेत. नदीनं आपल्याला काळी जमीन दिली, ऊस दिला, प्यायला पाणी दिलं. तीच नदी एखाद्या पावसाळ्यात घरात शिरते. नदीवर रागावून उपयोग नाही. सारं गाव उठून दुसरीकडे जाईल, हेही लगेच होणारं नाही. मग आपल्या हाती काय आहे? आपल्या हाती आहे ती तयारी. ती कशी करायची, ते पाहू.

पूर कुठून येतो?

"इथं तर ऊन पडलंय, पूर कसला येतोय?" असं पुष्कळ जण म्हणतात. पण आपल्या नदीचं पाणी आपल्या गावच्या पावसाचं नसतं. ते घाटमाथ्यावरून येतं. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सांगलीला ७०० मिलिमीटरही पडत नाही. म्हणजे पाऊस पडतो डोंगरात आणि पूर येतो आपल्या दारात.

कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते. वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला मिळते. तिन्हींना एकाच वेळी पाणी आलं, की कृष्णा आधीच तुडुंब भरलेली असते. मग पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. ते मागं तुंबतं आणि पसरतं. म्हणून पाणी आठ आठ दिवस ओसरत नाही.

वर धरणं आहेत. धरण भरत आलं, की दारं उघडून पाणी सोडावं लागतं. हे पाणी आपल्या गावी एका क्षणात येत नाही. त्याला वाट चालावी लागते. तेवढा वेळ आपल्याला मिळतो. हा वेळ ज्यानं ओळखला, त्याचं घरदार माणसांसकट वाचतं.

जुनी खूण म्हणजे पुराची हद्द नव्हे

गावात एखाद्या देवळाच्या भिंतीवर पुराची खूण असते. म्हातारी माणसं सांगतात, "२००५ च्या पुराला पाणी इथवर आलं होतं. त्याच्या वर काही येत नाही." ही खूण जपून ठेवावी, ती उपयोगाची आहे. पण तिच्यावर भरवसा ठेवून झोपू नये.

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ २००५ साली पाणी सुमारे ५४ फुटांवर गेलं होतं. लोकांना वाटलं, हाच मोठा पूर. पुढं ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांनी २००५ ची खूण पाहून सामान माळ्यावर ठेवलं होतं, त्यांच्यापैकी कितीकांचं सामान माळ्यावरच भिजलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. "असा पूर पुन्हा होणे नाही," असं म्हणता म्हणता दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तिथं पाणी पुन्हा सुमारे ५६ फुटांवर गेलं.

यातून एवढंच शिकायचं: नदीनं आजवर काय केलं, ते खूण सांगते. उद्या ती काय करील, ते खूण सांगत नाही.

आकडा वाचायला शिका

आता तुम्हाला आकडे वाचता येतात. त्या विद्येचा इथं मोठा उपयोग आहे. पुलावर आणि बंधाऱ्यावर पाण्याची उंची फुटांत मोजतात. तिथं दोन पातळ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली इशारा पातळी. दुसरी धोका पातळी.

आयर्विन पूल, सांगली: इशारा ४० फूट, धोका ४५ फूट.
राजाराम बंधारा, कोल्हापूर: इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट.

हे आकडे रेडिओवर सांगतात, वर्तमानपत्रात छापतात, मोबाईलवरही येतात. मोबाईलवर आलेल्या निरोपात तारीख आणि वेळ आहे का, ते आधी पाहा. तारीख नसलेला निरोप मागच्या वर्षीचाही असू शकतो. खात्री करायची असेल, तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ या नंबरावर विचारा.

आपल्या घरचा आकडा ठरवा

सरकारनं ठरवलेला आकडा साऱ्या भागासाठी असतो. तुमचं घर उंचावर आहे की ओढ्याकाठी, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक घरानं आपला आकडा काढावा. तो असा.

मागच्या पुरात आपला बाहेर जायचा रस्ता किती फुटांवर बुडाला, हे गावातल्या जाणत्यांना विचारा. मग आपल्या उंबऱ्याला पाणी किती फुटांवर लागलं, ते विचारा. समजा, रस्ता ४२ फुटांवर बुडतो आणि उंबऱ्याला पाणी ४८ फुटांवर लागतं. पुष्कळ जण उंबऱ्याकडं बघत बसतात. "अजून दारात कुठं आलंय? येऊ दे, मग निघू," असं म्हणतात. पण दारात पाणी येईतो रस्ता सहा फूट पाण्याखाली गेलेला असतो! मग बैलगाडी जात नाही, ट्रॅक्टर जात नाही. उरते ती एक बोट.

बोटीवर विसंबणं किती जोखमीचं, ते आपण पाहिलं आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावी, पुरातून माणसांना बाहेर नेणारी बोट उलटली. दहाहून अधिक माणसं बुडून गेली. त्यांत बायका होत्या, लेकरं होती. ती माणसं पुरातून सुटायलाच निघाली होती.

म्हणून आपला आकडा उंबऱ्याचा नसावा. तो रस्त्याचा असावा. रस्ता ४२ फुटांवर बुडत असेल, तर ४० फुटांना घर सोडायचं. त्या वेळी दारात पाणी नसेल. शेजारी हसतील. हसू द्यावेत. पाणी आलंच नाही, तर दोन दिवस पाहुण्यांकडं राहून आलो, असं समजावं.

कुणी काय करायचं?

पाणी चढू लागलं, की घरात गडबड उडते. एक जण ट्रंक उचलतो, दुसरा ती खाली ठेवतो. हे टाळायचं असेल, तर कामं उन्हाळ्यातच वाटून घ्यावीत.

जनावरं आधी हलवावीत. म्हैस बोटीत बसत नाही. तिला कोरड्या रस्त्यानंच चालवत न्यावं लागतं. माळावर कुणाच्या रानात बांधायची, वैरण कुठं ठेवायची, हे आधी बोलून ठेवावं. अगदीच नेता आलं नाही, तर दावं सोडून द्यावं. मोकळं जनावर पोहून निघतं. बांधलेलं जनावर जागीच बुडतं.

जनावरांच्या मागोमाग म्हातारी माणसं, बाळंतीण, गरोदर बाई आणि लहान मुलं निघावीत. त्यांना शेवटपर्यंत थांबवू नये.

घरच्या बाईनं एक पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवावी. तिच्यात रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पुस्तक आणि सातबारा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावेत. रोजची औषधं, बॅटरी, काडेपेटी, थोडे पैसे, मुलांचे कपडे ठेवावेत. तीन दिवस पुरेल असा कोरडा खाऊ ठेवावा: शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, फुटाणे. "दुकानातून आणू," असं म्हणू नये. २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा कोल्हापूरजवळ काही दिवस बंद पडला होता. मग गावच्या दुकानात माल कुठून येणार?

निघताना घरातल्या एकानं विजेचं मेन बटण बंद करावं. गॅसची टाकी बंद करावी. बियाणं आणि धान्य जमेल तेवढं उंचावर ठेवावं. जे राहील ते राहू द्यावं.

राखणीला माणूस ठेवू नका

पुष्कळ घरांत म्हणतात, "तुम्ही व्हा पुढं, मी घर राखतो." चोरीची भीती खरी आहे. त्या भीतीला हसण्याचं कारण नाही. आयुष्यभराची कमाई त्या चार भिंतींत असते. पण पाणी छपराला लागलं, की राखणदार छपरावर जाऊन बसतो. मग त्याला आणायला बोट पाठवावी लागते. घर राखायचं राहतंच, वर चार जणांचा जीव धोक्यात येतो.

यावर उपाय गावानं मिळून करावा. गावाबाहेर कोरड्या जागी रस्त्यावर तरुणांनी पाळीनं पहारा द्यावा. पोलीस पाटलांना सांगून ठेवावं. दागिना बरोबर घ्यावा. भांडं गेलं तर पुन्हा घेता येतं.

वाहत्या पाण्यात पाऊल घालू नये. गुडघाभर वाहतं पाणी धट्ट्याकट्ट्या गड्याला पाडतं. पाण्याखाली विहीर कुठं, गटार कुठं, ते दिसत नाही. अडकलात तर ११२ नंबर लावा. बोटीत बसायची वेळ आलीच, तर नावाडी सांगेल तेवढ्यांनीच बसावं. उभं राहू नये. घाई करू नये.

पाणी ओसरल्यावर

पाणी गेलं म्हणजे धोका गेला असं नाही. मातीची भिंत ओली असते. ती पाणी ओसरल्यावरही ढासळते. आत जाण्याआधी बाहेरून नीट पाहावं. वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करू नये. अडगळीत साप असतात, काठीनं सामान हलवावं. साप चावला तर चिरा देऊ नये, घट्ट बांधू नये, मांत्रिकाकडं वेळ घालवू नये. हातपाय न हलवता सरळ दवाखान्यात न्यावं. त्यासाठी १०८ नंबरची गाडी बोलवावी.

विहिरीत टीसीएल पावडर टाकेपर्यंत पाणी चांगलं उकळून प्यावं. पुराच्या पाण्यात वावरल्यावर ताप आला, तर तो अंगावर काढू नये. पंचनामा होईपर्यंत पडझडीचे फोटो काढून ठेवावेत.

ध्यानात ठेवा

१. पाऊस डोंगरात पडतो, पूर आपल्या दारी येतो.
२. जुनी खूण ही पुराची हद्द नव्हे.
३. उंबऱ्याकडं नव्हे, रस्त्याकडं बघून निघावं.
४. आधी जनावरं, मग म्हातारी माणसं आणि मुलं. मागं कुणी राहू नये.

आज घरी लिहा

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. खडू घेऊन दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत हे लिहावं:

आमचा रस्ता ....... फुटांवर बुडतो.
आम्ही ....... फुटांना घर सोडणार.
आम्ही ....... यांच्याकडं जाणार.
जनावरं ....... नेणार.
पिशवी ....... घेणार.

रिकाम्या जागा आपण भरायच्या आहेत. त्या दुसरा कुणी भरून देणार नाही. शेजारच्या घरी वाचता येत नसेल, तर त्यांच्या दारावरही तुम्हीच लिहून द्या.