गाठीचा कडकपणा मोजायचे पैसे कधी द्यावेत?

सर्जनच्या चिठ्ठीवर ‘यूएसजी बोथ ब्रेस्ट्स विथ इलास्टो’ असं लिहिलेलं असतं. सेंटरच्या काउंटरवरची मुलगी सोनोग्राफीचा दर सांगते आणि लगेच विचारते, “इलास्टोचे वेगळे पडतील हं मॅडम, करायचं का?” हा निर्णय खरं तर डॉक्टरांचा, पण आपल्याकडे तो रांगेत उभ्या असलेल्या बाईवर आणि तिच्यासोबत आलेल्या नवऱ्यावर किंवा बहिणीवर येऊन पडतो. नाही म्हणावं तर जिवापेक्षा पैसा मोठा केल्यासारखं वाटतं, आणि हो म्हणावं तर नेमकं काय विकत घेतोय ते कळत नाही.

इलास्टोग्राफी म्हणजे सोनोग्राफीच्याच मशीनवर, त्याच बैठकीत, गाठ किती कडक आहे ते पाहणं. कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा आजूबाजूच्या भागापेक्षा कडक लागते, हे हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांना पूर्वापार ठाऊक होतं. हा कडकपणा सोनोग्राफीच्या चित्रात उतरवण्याची रीत ह्यूस्टनच्या जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली मांडली. किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, उपाशी पोटी यावं लागत नाही. नेहमीच्या तपासणीला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, इतकंच.

पण ‘इलास्टो’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि दर विचारताना हे माहीत असलेलं बरं. पहिली ‘स्ट्रेन’. यात प्रोबने हलका दाब देतात. मऊ भाग जास्त दबतो, कडक भाग कमी, आणि त्यावरून रंगीत चित्र तयार होतं. रिपोर्टमध्ये १ ते ५ असा स्कोअर किंवा ‘स्ट्रेन रेशो’ येतो. हा रेशो म्हणजे शेजारच्या चरबीच्या तुलनेत गाठ किती कमी दबली त्याचा आकडा. दुसरी ‘शिअर वेव्ह’. यात मशीन स्वतःच ध्वनीचा धक्का देऊन आडव्या लहरी उठवतं आणि त्यांचा वेग मोजतं. लहर जितकी वेगात, तितकी जागा कडक. रिपोर्टमध्ये मीटर प्रतिसेकंद किंवा किलोपास्कल दिसेल. शिअर वेव्हचं मशीन महाग, म्हणून तिचा दरही सहसा जास्त. तेव्हा फोन करताना “इलास्टो आहे का?” एवढंच विचारू नका, “स्ट्रेन की शिअर वेव्ह?” असं विचारा. काउंटरवर सांगता आलं नाही तर टेक्निशियनला किंवा डॉक्टरांना विचारून सांगायला सांगा.

आता दर. पुढचे आकडे महाराष्ट्रातल्या शहरांमधल्या खासगी सेंटर्सचे आणि ढोबळ आहेत. सेंटर बदललं की बदलतात, त्यामुळे जाण्याआधी फोन कराच. दोन्ही स्तन आणि काखा मिळून साधी सोनोग्राफी साधारण १,००० ते २,५०० रुपये. त्यावर इलास्टोचे ५०० ते २,००० रुपये. काही ठिकाणी ती सोनोग्राफीतच धरलेली असते, काही ठिकाणी नुसत्या क्लिकचे पैसे लावतात. मॅमोग्राफी १,५०० ते ३,५००. बारीक सुईने पेशी काढून पाहण्याची एफएनएसी १,००० ते २,५००. सोनोग्राफीखाली जाड सुईने तुकडा काढण्याची ट्रूकट बायॉप्सी ५,००० ते १२,०००, आणि तुकड्याच्या पॅथॉलॉजी तपासणीचे पैसे यात धरलेत की वेगळे, हे आधी विचारायचंच. कारण बहुतेकांना हा धक्का दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसतो. रोगनिदानाच्या सेवेवर जीएसटी लागत नाही, त्यामुळे बिलात तो लावलेला दिसला तर कशाबद्दल ते विचारा.

चिठ्ठीवर एखाद्या सेंटरचं नाव छापलेलं असलं तरी तिथेच जायचं बंधन नाही. कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. त्याच वेळी सगळ्यात स्वस्त सेंटर शोधत फिरण्यातही अर्थ नाही. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. प्रोब जोरात दाबला तर मऊ जागासुद्धा कडक दिसते. चांगला रेडिओलॉजिस्ट भरपूर जेल लावतो, प्रोब जवळजवळ टेकवल्यासारखा धरतो, दोन-चार सेकंद श्वास रोखायला सांगतो आणि तेच माप पुन्हा घेऊन जुळतं का ते पाहतो. तुम्हाला दुखेपर्यंत दाब येत असेल तर तसं सांगा. आणि स्क्रीनवर लाल रंग दिसला म्हणून हातपाय गाळू नका: काही मशीनवर कडक भाग लाल दाखवतात, काहींवर निळा.

हे पैसे कुणी द्यावेत, याचं उत्तर साध्या सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत असतं. तिथे ‘बायरॅड्स’ असा शब्द आणि पुढे आकडा असतो. २ म्हणजे निरुपद्रवी, उदाहरणार्थ पाण्याची साधी गाठ. ३ म्हणजे बहुधा साधीच. कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपर्यंत. ४ म्हणजे संशय, पण यात तीन पायऱ्या आहेत: ४एमध्ये शक्यता २ ते १० टक्के, ४बीमध्ये १० ते ५०, ४सीमध्ये ५० ते ९५. ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त.

२ आला असेल तर कडकपणा मोजून काही हाती लागत नाही. ४बी, ४सी किंवा ५ असेल तर गाठ कितीही मऊ निघाली तरी बायॉप्सी करायचीच आहे, मग आधी हजार रुपये कशाला? उरतात ३ आणि ४ए. इलास्टोची खरी जागा या दोन ठिकाणी आहे. अमेरिका आणि युरोपमधल्या केंद्रांत झालेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास हेच सांगतो. ९३९ गाठींवर शिअर वेव्ह वापरून पाहिली. साधी गाठ साधीच म्हणून ओळखण्याचं प्रमाण सोनोग्राफीवर ६१ टक्के होतं, ते कडकपणाची माहिती जोडल्यावर ७८ टक्क्यांच्या वर गेलं. ४एमधली गाठ ८० किलोपास्कलपर्यंतच भरली तर सुईऐवजी लक्ष ठेवण्याचा विचार करता येतो, आणि ३मधली गाठ १६० किंवा त्याहून जास्त भरली तर सहा महिने थांबण्याऐवजी बायॉप्सी करावी, असं त्यातून पुढे आलं. हे आकडे त्या अभ्यासातल्या मशीनचे आहेत. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तेच लावून घरी बसून गणित करू नका. रिपोर्टमध्ये मीटर प्रतिसेकंद असेल तर ढोबळ अंदाज म्हणून ५.२ म्हणजे साधारण ८० किलोपास्कल. स्ट्रेन रेशोची तर दोन सेंटरमध्ये तुलना करूच नये.

मशीनवाले आणि काही सेंटर्स सांगतात की इलास्टोमुळे बायॉप्सीचा खर्च वाचतो. हिशेब करून पाहा. ४ए असलेली गाठ मऊ निघाली आणि डॉक्टरांनी बायॉप्सी पुढे ढकलली, तर तुमचे आठ-दहा हजार आत्ता वाचले. पण मग सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षं अशा तीन सोनोग्राफ्या आल्या. दीड हजाराच्या दराने साडेचार हजार. वाशिमहून अकोल्याला किंवा सावंतवाडीहून पणजीला यायचं तर प्रत्येक वेळी दोन माणसांचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज. म्हणजे पैशांत फार फरक पडत नाही. वाचते ती सुई, आणि तिच्या निकालाची वाट पाहण्यातला आठवडा. ज्या बाईला सहा महिन्यांनी परत येणं जमणार नाही, लग्न ठरलंय, परदेशी जायचंय किंवा घरचे पुन्हा पाठवतील याची खात्री नाही, तिने ४ए असताना मऊपणावर विसंबू नये. एकदाच बायॉप्सी करून मोकळं व्हावं. हे माझं मत आहे, आणि अनेक सर्जनही असाच सल्ला देतात.

कडक म्हणजे कॅन्सर आणि मऊ म्हणजे नाही, इतकं हे सरळ नसतं. म्युसिनस प्रकारचा कॅन्सर, दुधाच्या नलिकेतच असलेला सुरुवातीचा कॅन्सर आणि झपाट्याने वाढणाऱ्या काही गाठी मऊ लागू शकतात. उलट जुन्या ऑपरेशनचा व्रण, मार लागून झालेली चरबीची गाठ किंवा चुना साचलेला जुना फायब्रोअॅडिनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) चांगलाच कडक भरतो. खूप खोलवरच्या गाठीत लहर पोहोचतच नाही. म्हणून बायरॅड्सच्या २०१३च्या आवृत्तीत कडकपणाला ‘मऊ, मध्यम, कडक’ अशी एका ओळीची जागा दिली आहे, ती जोडीची खूण म्हणून. गाठीचा आकार आणि तिच्या कडा याच आजही मुख्य. कडा खडबडीत पण गाठ मऊ असा रिपोर्ट आला, तर कडांवर विश्वास ठेवायचा.

वय चाळिशीच्या पुढे असेल तर मॅमोग्राफी आधी. इलास्टो तिची जागा घेत नाही. तिशीच्या आत सोनोग्राफीपासून सुरुवात. हाताखालून सटकणारी गुळगुळीत गाठ या वयात बहुधा फायब्रोअॅडिनोमा असते. तपासणी शक्यतो पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात ठेवा, दुखणं कमी असतं. मात्र गाठ संशयास्पद असेल तर पाळीची वाट बघत बसू नका. जाताना जुने रिपोर्ट आणि फिल्म्स न्या. येताना इलास्टोच्या चित्रांची प्रिंट किंवा सीडी मागून घ्या, कारण नुसतं ‘इलास्टोग्राफी डन’ लिहिलेल्या रिपोर्टचा सर्जनला उपयोग नाही.

आरोग्य शिबिरांत हातात धरायचं छोटं उपकरण छातीवर टेकवून कडकपणा पाहतात, ते सोनोग्राफी नव्हे. तिथे खूण आली तर पुढची तपासणी करायची, आणि हाताला गाठ लागत असताना तिथे ‘नॉर्मल’ आलं तरीही करायची.

खिशाला काहीच परवडत नसेल तर? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. ससूनसारखी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे येतात. तिथे दर लागतो, पण खासगीच्या मानाने बराच कमी. सरकारी रुग्णालयात इलास्टो नसली तरी अडू देऊ नका. साधी सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायॉप्सी, एवढ्यावर निदान पुरं होतं. परळच्या टाटा रुग्णालयाने मुंबईत दीड लाख बायकांना वीस वर्षं पाहिलं, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या नुसत्या हाताच्या तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या हातांना कुठलाही किलोपास्कल लागला नव्हता.

महात्मा फुले जन आरोग्य योजना कॅन्सरच्या शस्त्रक्रियेला, केमोला आणि रेडिएशनला मोठा आधार देते, पण बाहेरच्या सेंटरवर आधी केलेल्या इलास्टोची पावती तिथे वटत नाही. खासगी विमा असेल तर भरती होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळतात. त्यासाठी बिलाबरोबर डॉक्टरांची मूळ चिठ्ठीही लागते, ती फाडून टाकू नका.

शेवटी बायॉप्सीबद्दल. ‘सुई लावली की पसरतं’ ही भीती अजून घरोघरी आहे, आणि “सुई नको, त्यापेक्षा कडकपणा मोजून सांगा” असं म्हणणाऱ्या बायका त्यातूनच येतात. सुईने कॅन्सर पसरून आयुष्य कमी होतं याला आधार नाही. निदान लांबल्याने मात्र नक्की नुकसान होतं. तुकडा काढल्यावर तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतच ठेवला आहे आणि बाटलीवर नाव आणि बाजू, म्हणजे डावी की उजवी, लिहिली आहे हे पाहा. बऱ्याचदा ती बाटली लॅबमध्ये पोहोचवायचं काम नातेवाइकांवरच येतं, ती त्याच दिवशी द्या. रिपोर्टबरोबर लॅबकडून स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. पुढे टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथले डॉक्टर ते स्वतः पुन्हा तपासतात, आणि ब्लॉक हाती नसेल तर दुसऱ्यांदा बायॉप्सी करायची वेळ येऊ शकते.