कुमारांसाठीची नवी अद्भुतिका आणि आईचे मौन : ‘अरू शाह’ व ‘पश्मीना’ यांचा अभ्यास

१

साधारणतः आठ ते बारा या वयोगटातील वाचकासाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी कथनसाहित्यात गेल्या दोन दशकांत दोन प्रकारांना विशेष बहर आला : अद्भुत कादंबरी आणि चित्रकादंबरी. मराठी समीक्षेत बालकुमार साहित्याचा विचार बहुधा संस्कारमूल्य, भाषेची सुलभता आणि मनोरंजन या तीन निकषांवर होतो. या निकषांनी नव्या अद्भुतिकेचे रूप पुरतेपणी हाती लागत नाही. तिच्यातील अद्भुत नेमके कोठून उद्भवते आणि ते कोणते काम करते, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. भारतीय वंशाच्या अमेरिकन लेखिकांच्या दोन कलाकृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिली, रोशनी चोक्शी यांची ‘अरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८) ही कादंबरी; दुसरी, निधी चनानी यांची ‘पश्मीना’ (२०१७) ही चित्रकादंबरी.

या दोहोंची कथाबीजे भिन्न असली तरी मूळ परिस्थितीत एक लक्षणीय साम्य आढळते. दोन्हींची नायिका वयात येऊ लागलेली मुलगी आहे, ती आईबरोबर एकटी राहते, वडील घरात नाहीत आणि त्यांच्याविषयी आई बोलत नाही. आईचे बोलणे जेथे थांबते तेथे अद्भुताचे दार उघडते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२

बारा वर्षांची अरू अटलांटा शहरातील एका भारतीय कलासंग्रहालयात राहते. तिची आई तेथे काम करते. अरूला थापा मारण्याची सवय आहे. सहाध्यायांपुढे खोटे उघडे पडू नये म्हणून ती संग्रहालयातील शापित दिवा क्षणभर पेटवते. त्यातून ‘स्लीपर’ म्हणून ओळखली जाणारी शक्ती मुक्त होते, काळ गोठतो आणि अरूची आईही गोठून जाते. आपण अर्जुनाचा आत्मा घेऊन जन्मलो आहोत, हे अरूला नंतर कळते. युधिष्ठिराचा आत्मा लाभलेली मिनी आणि बू नावाचा कबुतररूपी मार्गदर्शक यांच्यासह ती निघते.

फॅरा मेंडलसन यांनी २००८ मध्ये अद्भुतिकेचे जे वर्गीकरण मांडले, त्यातील दोन प्रकार येथे एकत्र येतात. आरंभी अद्भुत परिचित जगात घुसते. नंतर नायिका दार ओलांडून परक्या जगात शोधयात्रेला जातात. मात्र या कृतीचे मर्म वर्गीकरणात नाही, ते महाभारताच्या उपयोजनात आहे. मृत्यूच्या राज्यात या मुलींना मयसभा भेटते. पांडवांनी आपल्याला सोडून दिले याचे दुःख ती वास्तू बाळगून आहे. महाकाव्यात वैभवाचे आणि अपमानाचे निमित्त झालेली ही सभा येथे टाकून दिलेल्या घराच्या रूपाने बोलते. कथेच्या मध्यभागी असलेल्या वीरांकडून नजर काढून परिघावरील मूक वस्तूला वाचा देण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) महाभारतातील व्यक्तींकडे मानवी पातळीवरून पाहावयास शिकविले. कुमारांच्या अद्भुतिकेत ती दृष्टी खेळकर रूपात उतरते.

कादंबरीच्या अखेरीस स्लीपर हा अरूचा पिता असल्याचे उघड होते. वज्र हाती असूनही ती घाव घालण्यास कचरते आणि तो निसटतो. कुरुक्षेत्रावरील अर्जुनापुढे स्वजन शत्रू म्हणून उभे होते. अरूपुढेही तोच पेच आहे. अंतर इतकेच की, तिला उपदेश करावयास कृष्ण नाही. कचरण्याचा निर्णय चूक की बरोबर, हे कादंबरी सांगत नाही. बारा वर्षांच्या वाचकापुढे हा प्रश्न खुला ठेवणे, हीच या कृतीची नैतिक प्रौढता होय. ज्याच्याविषयी आई कधी बोलली नाही, तो पिता ‘राक्षस’ म्हणून समोर येतो. घरातील मौनाला अद्भुताने दिलेले हे मूर्त रूप आहे.

३

‘पश्मीना’तील प्रियंका कॅलिफोर्नियात वाढते. आई भारताविषयी आणि वडिलांविषयी काही सांगत नाही. घरात सापडलेली एक शाल तिने अंगावर घेतली की ती झगमगत्या भारतात पोचते. कांता नावाची हत्तीण आणि मयूर नावाचा मोर तिचे वाटाडे होतात.

येथे माध्यम अर्थवाहक होते. प्रियंकाचे दैनंदिन जग मोजक्या, फिकट छटांत आहे. शालीतील भारत पूर्ण रंगांत आहे. अद्भुतात प्रवेश झाल्याचे सांगण्यास शब्द लागत नाहीत, रंग पुरतो. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, चित्रकथेत दोन चौकटींमधली मोकळी जागा वाचक स्वतःच्या कल्पनेने भरतो. ‘पश्मीना’त ही जागा दोन जगांचा उंबरठा होते आणि तो ओलांडण्याचे काम वाचकाकडे येते.

तथापि हे रंगीत जग विश्वसनीय नाही. त्यात एक सावली वावरते आणि वाटाडे प्रियंकाला तिच्यापासून दूर नेऊ पाहतात. म्हणजे घरात जसे आईचे मौन आहे, तसे अद्भुतातही आहे. पुढे प्रियंका कोलकात्याला मावशीकडे जाते. शालीने दाखविलेला भारत पर्यटनचित्रांसारखा होता. प्रत्यक्ष भारत त्या झगमगाटात अवतरत नाही. अद्भुताने कुतूहल जागविले, परंतु उत्तरासाठी माणसांकडेच जावे लागले. स्वतःच्या मोहिनीची मर्यादा ही चित्रकादंबरी स्वतःच दाखविते.

४

मराठी कुमारसाहित्याच्या परंपरेशी तुलना केल्यास या मौनाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये आई बोलते, समजावते, रागावते. मुलाचे जग तिच्या शब्दांनी घडते आणि त्या शब्दांची आठवण हेच पुढे कथन होते. भाषा, प्रदेश आणि आप्तपरिवार सलग असल्यामुळे तेथे वारसा बोलण्यातून पोचतो. स्थलांतरित कुटुंबात ही सलगता तुटते. आईने मागे काय सोडले हे सांगणे तिला जड जाते आणि मुलीला तर ते जाणून घ्यावयाचे असते. तुटलेल्या दुव्याच्या जागी दिवा आणि शाल येतात. दोन्ही घरातल्या, आईच्या अवतीभवतीच्या वस्तू आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

भारतीय काव्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय मानला. या कृतींत विस्मयाच्या तळाशी जिज्ञासा आहे आणि जिज्ञासेच्या तळाशी वियोग आहे. म्हणून त्यांतील अद्भुत करुणाच्या शेजारी उभे राहते.

५

या कृतींना मर्यादा आहेत. ‘अरू शाह’मधील रात्रीचा जादूई बाजार सामान्य माणसांना अमेरिकन घाऊक दुकानासारखा दिसतो. असा विनोद रंजक असला तरी अशा प्रसंगांत पुराणकथा सजावटीच्या पातळीवर उतरते. ‘पश्मीना’तही भारत ही संकल्पना काही वेळा फार सोपी होते. शिवाय मराठी वाचकाला जे नाव उच्चारताच उमगते, ते परक्या वाचकासाठी उलगडून सांगावे लागते. त्यामुळे कथनाची गती काही ठिकाणी अडखळते.

तरीही मराठी अभ्यासकाने या साहित्याकडे दुर्लक्ष करणे योग्य ठरणार नाही. आज मराठी कुटुंबेही स्थलांतरित आहेत आणि आईची भाषा व मुलाची वाचनभाषा वेगळी असणे हा अनुभव महाराष्ट्रातही दुर्मीळ राहिलेला नाही. अशा मुलाला कोणती कथा हवी, हे ठरविताना ‘तिच्यातून कोणता संस्कार होतो’ एवढेच विचारून भागणार नाही. घरात जे बोलले जात नाही ते विचारण्याचे बळ ती मुलाला देते काय, हा प्रश्नही समीक्षेने विचारावयास हवा.