पोथकी, मक्षिका आणि निदानपरिवर्जन : गाम्बियातील संशोधनाचा बोध

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात वर्त्मगत रोगांमध्ये पोथकीचे वर्णन केले आहे. रक्तसर्षपासमान पिडका, स्राव, कंडू, गौरव व वेदना ही तिची लक्षणे होत. ट्रॅकोमाशी तिचे साधर्म्य अनेक अभ्यासक मानतात. क्लॅमायडिया ट्रॅकोमॅटिस या जीवाणूचा वारंवार संसर्ग होऊन पापणीच्या आत व्रणवस्तु तयार होते, पापणी आत वळते आणि पक्ष्म बुबुळावर घासून अंधत्व येते. ही अवस्था पक्ष्मकोपासमान होय.

सुश्रुतांनी नेत्राभिष्यंदाची गणना औपसर्गिक रोगांत करून गात्रसंस्पर्श, वस्त्र इत्यादी संक्रमणमार्ग सांगितले. त्यात मक्षिकेची भर पश्चिम आफ्रिकेतील गाम्बिया देशातील अभ्यासाने घातली. तेथील ग्रामीण बालकांच्या डोळ्यांतील स्रावावर मस्का सॉर्बेन्स ही माशी बसते. उघड्यावरील मानवी विष्ठा हे तिचे प्रमुख उत्पत्तिस्थान असून खड्ड्याच्या शौचालयात तिची पैदास आढळली नाही.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात पॉल इमर्सन व सहकाऱ्यांनी २१ वस्तीगटांवरील तुलनात्मक प्रयोग प्रसिद्ध केला. कीटकनाशक फवारणीने डोळ्यांवरील माश्या ८८ टक्के, तर शौचालयांनी ३० टक्के घटल्या. रोगाचे प्रमाण फवारणीने सरासरी ५६ टक्के उतरले. शौचालयांच्या गटातील ३० टक्के घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक ठरली नाही. अनुकूल निष्कर्षाची मर्यादाही स्पष्ट नोंदवावी, हा यातील पहिला धडा.

जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रकर्म, प्रतिजैविक, मुखस्वच्छता व परिसरसुधारणा ही चतुःसूत्री स्वीकारली आहे. ट्रॅकोमाच्या सार्वजनिक आरोग्यसमस्येचे निर्मूलन घानात २०१८, गाम्बियात २०२१ व भारतात २०२४ मध्ये झाल्याचे संघटनेने मान्य केले. याचा अर्थ जीवाणू समूळ नष्ट झाला असा नव्हे. जुन्या व्रणवस्तूचे दुष्परिणाम उतारवयातही प्रकट होतात.

म्हणून वैद्यबंधूंनी डोळ्यात सतत टोचते म्हणणाऱ्या वृद्ध रुग्णाची, विशेषतः स्त्रियांची, पापणी प्रकाशात अवश्य तपासावी. पक्ष्म बुबुळास लागत असल्यास केवळ अंजन देऊन काळ दवडू नये. रुग्णास त्वरित नेत्रशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधालयचालकांनी लाल डोळ्यासाठी चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब देऊ नयेत. संक्षेपतः चिकित्सा म्हणजे निदानपरिवर्जन, हे आपलेच सूत्र आहे. मुलाचा चेहरा धुण्याचा सल्ला हा त्याचाच भाग मानून प्रत्येक मातेस द्यावा.